मधोमध खड्डा

संगणकातल्या मॉडेलमध्ये दोन हॉर्न अँटेना, एकावर एक. दोघांना आपापला वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी), दोन्ही पोर्टना (मॉडेलमध्ये लहर जिथून आत सोडतात ती तोंडं) सारखी पॉवर, सारखा फेज म्हणजे लहरीचा टप्पा, 10 गिगाहर्ट्झ. झोत समोर सरळ जायला हवा. पॅटर्नमध्ये, म्हणजे कुठल्या दिशेला किती पॉवर जाते त्या आलेखात, दिसला तो मधोमध खड्डा आणि खाली-वर दोन कान.

बाकी सगळं गोंडस. मेश (हिशेबासाठी मॉडेलचे केलेले बारीक तुकडे) नीट कन्व्हर्ज झालेली, म्हणजे आणखी बारीक केली तरी उत्तर न बदलणारी, दोन्ही पोर्टचं परावर्तन उणे 22 डीबी. मी सवयीप्रमाणे कागदावर ताडून पाहिलं: गाइडची रुंदी 22.86 मिमी, म्हणून कटऑफ, ज्याखाली लहर गाइडमधून जातच नाही, 6.56 गिगाहर्ट्झ, 10 वर गाइडमधली तरंगलांबी 39.7 मिमी. सॉल्व्हरशी, म्हणजे सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरशी, जुळलं. (हा पाच मिनिटांचा हिशेब हल्ली कुणी करत नाही. रंगीत चित्र उमटलं की उत्तर आलं म्हणायचं.)

टीममधल्या मुलाने तोवर उपाय शोधला होता. ‘मॅडम, एका पोर्टचा फेज 180 केला की पॅटर्न सरळ होतो. मग एक फीड, म्हणजे हॉर्नकडे जाणारा गाइड, अर्ध्या तरंगलांबीने वाढवू.’ वाढवूनही झालं होतं. 19.85 मिमी जादा लांबीचं ड्रॉइंग वर्कशॉपकडे गेलं होतं. का बिघडलं ते कळायच्या आत कसं सुधारायचं ते ठरतं, आमच्याकडची ही जुनी खोड.

मी दोन्ही पोर्टवरचं विद्युतक्षेत्र एकाच क्षणी दाखवायला लावलं. एकीकडे बाण वर, दुसरीकडे खाली. दुसरा हॉर्न त्याने नव्याने काढला नव्हता. पहिल्याचीच आरशातली प्रत घेतली होती, पोर्टसकट. पोर्टवर क्षेत्राची धन दिशा ठरवणारी जी रेघ असते, तीही उलटली होती. ही चूक लपते फार छान. परावर्तनात चिन्ह दोनदा येतं, जाताना आणि परतताना, म्हणून कटून जातं. एका हॉर्नमधून दुसऱ्यात जाणाऱ्या गळतीत ते उरतं, पण डीबीच्या आलेखात चिन्ह दिसत नाही आणि फेजचा आलेख उघडतो कोण?

रेघ सरळ केली, खड्डा गेला. मी ड्रॉइंग परत मागवलं आणि मुलाला दहा मिनिटं ऐकवलं. जरा चवीनेच.

दुसऱ्या दिवशी जोडणी करणारे काका आले. ‘मॅडम, मध्ये हात जायला जागा नाही. वरच्याचा कनेक्टर वरून घेतो, खालच्याचा खालून. चालेल ना?’

मी ‘चालेल’ म्हणणारच होते.

कोअॅक्स केबलची पिन एका गाइडमध्ये वरच्या भिंतीतून शिरणार, दुसऱ्यात खालच्या. म्हणजे क्षेत्रं खरोखरच एकमेकांच्या उलट. केबल गाइडला जोडणारे हे अॅडॉप्टर मी मॉडेलमध्ये घेतलेच नव्हते, ‘पोर्ट आहे ना’ म्हणून. ते घालून, कोअॅक्सकडून फीड देऊन पुन्हा रन लावला. खड्डा परत आला, आणि या वेळी तो धातूतला होता.

मुलाचे 19.85 मिमी म्हणजे बरोबर होते. कारण चुकीचं, उत्तर बरोबर. तेही 10 पुरतंच: 9 गिगाहर्ट्झला गाइडमधली तरंगलांबी 48.6 मिमी होते, तेवढ्याच तुकड्यात फेज जेमतेम 147 अंश फिरतो आणि झोत कलतो. आम्हाला 9 पण हवा होता, म्हणून शेवटी कनेक्टरांच्या मागे 180 अंशांचा हायब्रिड, म्हणजे पॉवर दोघांत वाटून एकाचा फेज उलटवणारा भाग, बसवला. आरशातली प्रत तशीच ठेवली.

मुलाने विचारलं, ‘मग मॅडम, काल मी चुकलो होतो की नाही?’

‘पोर्टमध्ये चुकला होतास,’ मी म्हणाले. अॅडॉप्टरबद्दल त्याने काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.