उत्तरेला डोकं

नव्या फ्लॅटमधल्या तिसऱ्या रात्री, पावणेतीनच्या सुमाराला आई कपाटावर धडकली. धप्प आवाज झाला म्हणून मी धावले, तर ती कपाळ चोळत उभी. वर मलाच विचारते, "मोरी कुठे गेली गं?"

मोरी नारायण पेठेत होती. वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, आमच्या आतल्या खोलीत, उजव्या हाताला. १९६४ साली लग्न होऊन आल्यापासून आई रात्री उठली की उजवीकडे चार पावलं जायची. दिवा न लावता, कारण आप्पांची झोप मोडते. (आप्पांची झोप वाड्यात गणपतीच्या ढोलांनीही मोडली नव्हती, पण ते असो.)

वाडा बिल्डरकडे गेला आणि 'तीन वर्षांत नवीन इमारत' या बोलीवर आम्ही भाड्याच्या जागेत आलो. धाकटा भाऊ परदेशातून व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "जुनं सगळं टाकून द्या, नवीन घ्या." टाकायचं कोणी, हे काही तो सांगत नव्हता. मी रजा काढली आणि पंधरा दिवस माळा उपसला. सगळी तयारी केली ती सामानाची. आईचं मन कशात अडकलंय याची यादीच केली होती मी: तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या. बंब मोडीत घालायचा विषय काढताना तर मी आधी चहा करून घेतला. आई म्हणाली, "ने बाई. तीस वर्षं त्याची राख काढली, आता त्याचं तोंड नको बघायला."

अडून बसले ते आप्पा, एका घंगाळ्यासाठी. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, वाड्याची मागची भिंत गेली आणि पूर ओसरल्यावर आजीनं हे घंगाळ चिखलातून उकरून काढलं होतं. त्याला पोचा आहे, पाणी ठरत नाही. सध्या ते फ्लॅटच्या बाल्कनीत आहे आणि त्यात कांदे-बटाटे आहेत.

पण सामान हलवणं सोपं असतं, टेंपो मिळतो. आईच्या हातापायांत जे घर मुरलं होतं ते हलवायचं कसं, हे मला सुचलंच नव्हतं. नव्या स्वयंपाकघरात ती मिसळणाचा डबा घ्यायला हात वर करायची आणि हात रिकामा परत यायचा. दिव्याचं बटण दाराच्या भलत्याच बाजूला. भांडी लागतील अशी लावली होती, ती माझ्या उंचीनं. आईची उंची गेल्या दहा वर्षांत कमी झाली आहे हे मला त्या ओट्यापाशी पहिल्यांदा दिसलं.

आप्पा मात्र तीन दिवसांत रुळले. ते सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते. उभा जन्म छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेला, म्हणजे उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचण्यात. फ्लॅट बघून म्हणाले, "आपलंच घर आहे हे. फक्त मजकूर जुळवून ठेवलाय, अजून छापलेला नाही." खरंच, वाड्यात जे जे उजवीकडे होतं ते इथे डावीकडे आहे.

त्याच नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेत आप्पांचे ठसेच उमटेनात. खिळ्यांनी झिजलेली बोटं, त्यात वय. ओली करून झाली, पुसून झाली, दहाच्या दहा झाली. समोरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, मशीन घेत नाहीये तुम्हाला." आप्पा म्हणाले, "मग मी हयात नाही असं लेखी द्या." शेवटी भाच्यानं घरी येऊन मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. ही सोय २०२१पासून आहे, पण खिडकीपलीकडून ते कुणी सांगितलं नाही.

आईच्या कपाळाचं टेंगूळ उतरेपर्यंत मी रात्रीचा दिवा आणला, मोरीत धरायला दांडी बसवून घेतली. दांडीचा उपयोग झाला. दिवा आई विझवायची. मग एका दुपारी तीच म्हणाली, "कॉट फिरव." डोक्याची बाजू पायाला केली की मोरी उजव्या हाताला येत होती. इतकं साधं. पण मग डोकं उत्तरेला येत होतं!

आप्पा ताडकन उठून बसले. "अगं, उत्तरेला डोकं करून कोणी झोपतं का?"

"साठ वर्षं दक्षिणेला करून झोपले," आई म्हणाली. "आता रोज कपाळ फुटण्यापेक्षा उत्तर परवडली. तुम्हाला नको तर तुम्ही पायाकडे उशी घ्या."

आप्पांनी खरोखरच पायाकडे उशी घेतली. एका कॉटवर दोन दिशांना तोंडं करून दोघं झोपतात. पहिल्या रात्री मी जागीच होते. अडीचला आई उठली, अंधारात उजवीकडे चार पावलं गेली, कडी वाजली.

मागच्या महिन्यात बिल्डरचा माणूस नव्या इमारतीचा नकाशा घेऊन आला. लिफ्ट, पार्किंग, गच्चीवर बाग, असं बरंच काही सांगत होता. आईनं चष्मा लावला, कागद टेबलावर एकदा उभा, एकदा आडवा फिरवला आणि झोपायच्या खोलीवर बोट ठेवलं.

"मोरी डावीकडेच काढलीत होय," ती म्हणाली. आणि आप्पांकडे वळून, "तिथेही उत्तरच हो."