सीरम सोडलं तेव्हा
सीरमशिवाय, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पोषक द्रवाशिवाय, लॅबमध्ये वाढवायला घेतलेल्या माझ्या पेशी पहिल्या तीन खेपांना मेल्या. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चमकदार पेशींच्या जागी काळपट चुरा दिसायचा. मेलेल्या पेशींनाच रंगवणारं ट्रिपॅन ब्लू घातलं की निम्म्याहून जास्त निळ्या.

परळच्या लॅबमध्ये माझं पीएचडीचं काम नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, वाढवण्याचं. एरवी वारेबरोबर टाकून दिलं जाणारं हे रक्त. १९८८ मध्ये पॅरिसला डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलावर पहिलं प्रत्यारोपण केलं, ते याच रक्तातून. पण एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुतेक वेळा कमी पडतात, म्हणून त्या बाहेर वाढवायची धडपड.

आधी आम्ही वासराचं सीरम वापरायचो, गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेलं. प्रत्येक बॅच वेगळी. एकीत पेशी भराभर वाढायच्या, दुसरीत तळाला चिकटून मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, होऊन बसायच्या. शिवाय गाईची प्रथिनं पिऊन वाढलेल्या पेशी उद्या थॅलेसेमियाच्या एखाद्या लेकराला द्यायच्या, हे मला मनापासून पटत नव्हतं. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "सोड सीरम. पण मग एकेक गोष्ट तुलाच मोजून घालावी लागेल."

घातली. मानवी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, इन्सुलिन, लोह वाहणारं ट्रान्सफेरिन, आणि पेशींना वाढायचा इशारा देणारी तीन प्रथिनं, म्हणजे वाढघटक: एससीएफ, फ्लिट-३ लिगँड, थ्रॉम्बोपोएटिन. तरी पेशी मरत होत्या.

एका रविवारी वही घेऊन बसले, प्रत्येक पायरी पुन्हा वाचली. वाढघटकांचा साठा मी नुसत्या बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणात, पातळ करून छोट्या नळ्यांत गोठवत होते. इतकं विरळ प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून राहतं. एससीएफ मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम घातलं असं मी वहीत लिहीत होते, पेशींपर्यंत त्यातलं कितीतरी कमी पोचत असणार. सीरमच्या काळात हे कधी कळलंच नाही, कारण सीरममधल्या बाकी प्रथिनांनी पेशी तगून जायच्या. भिंतीला आधी तेच चिकटावं म्हणून साठ्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन घालून नवा केला. (२०१९ मध्ये उंदरांच्या पेशी अल्ब्युमिनऐवजी पॉलीव्हिनाइल अल्कोहोल या कृत्रिम पदार्थावर वाढवून दाखवल्या गेल्या. तो रस्ता मला अजून चालायचाय.)

पाचव्या खेपेच्या दिवशी हिंदमाताला पाणी भरलेलं. आमच्या लॅबमधले मदतनीस काका थर्मोकोलचा डबा छातीशी धरून गुडघाभर पाण्यातून चालत आले. "ताई, भिजला नाही बघा," एवढंच बोलले. आत एका बाळाच्या आईने सही करून दिलेलं रक्त. फायकॉल या दाट द्रवावर हलक्या हाताने ओतलं, सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर मध्ये पांढऱ्या पेशींचं पांढरट कडं आलं. त्यातून चुंबकाच्या कॉलममधून अंगावर सीडी-३४ ही स्टेम सेल्सची खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. शंभरात जेमतेम एखादी.

सातव्या दिवशी निळ्या पेशी शोधाव्या लागत होत्या. जिवंत पेशींतल्या काही मिथाइलसेल्युलोज या घट्टसर जेलमध्ये लावल्या आणि चौदा दिवस इन्क्युबेटरचं दार विनाकारण उघडायचं नाही असं स्वतःला बजावलं. चौदाव्या दिवशी थाळी भिंगाखाली ठेवली. एकेका पेशीपासून वाढलेल्या पांढऱ्या वसाहतींच्या मध्ये एक द्राक्षाच्या घोसासारखी, लालसर. रंग मी घातलेला नव्हता, तो तिचाच, हिमोग्लोबिनचा. मी काकांना हाक मारली, आधी त्यांनी बघावं म्हणून.