आमची वाटचाल : पीयूसीपूर्व तपासणी

सिंहगड रस्त्यावरील आमचे गॅरेज १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हा पीयूसीत नापास झालेली गाडी दुरुस्त करणे म्हणजे बहुधा कार्बोरेटर खोलून साफ करणे, प्लगचा गॅप ठीक करणे आणि इंजिनाचा आवाज ऐकत मिक्श्चरचा स्क्रू फिरवणे एवढेच असे. इंजेक्शनच्या गाड्यांत तो स्क्रूच उरला नाही. एप्रिल २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत भारत स्टेज चार मानके लागू झाली, त्यांत पुणे होते. त्यांच्यासोबत ओबीडी ही गाडीतच बसवलेली निदानयंत्रणा आली आणि २०१३ पासून तिचा अधिक काटेकोर दुसरा टप्पा बंधनकारक झाला. त्याच सुमारास आम्ही कर्ज काढून ओबीडीतील नोंदी वाचणारा पहिला स्कॅनर घेतला.

स्कॅनर म्हणजे चेक इंजिनचा दिवा घालवण्याचे यंत्र, असा समज तेव्हा सर्वत्र होता आणि पीयूसीची मुदत संपत आली की 'फक्त लाइट घालवून द्या' असे सांगणारे ग्राहक आजही येतात. ते काम आम्ही नाकारतो. कोड, म्हणजे यंत्रणेने केलेली बिघाडाची नोंद, पुसल्याने बिघाड जात नाही. उलट इंधनाचे प्रमाण राखण्यासाठी ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, जमवलेली माहिती अनेक गाड्यांत त्याबरोबर पुसली जाते, आणि ती पुन्हा जमेपर्यंत गाडी काही काळ शहरात व मोकळ्या रस्त्यावर चालवावी लागते. शिवाय पीयूसी केंद्र सायलेन्सरमध्ये प्रोब घालून वायू मोजते, त्याला दिव्याशी कर्तव्य नसते. स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. साधारण २५०० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ दरम्यान असावा लागतो.

म्हणूनच आमची तपासणी कोडपेक्षा लाइव्ह डेटावर, म्हणजे इंजिन चालू असताना स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांवर, अधिक चालते. एका ग्राहकांची पेट्रोल हॅचबॅक कार्बन मोनॉक्साइड जास्त आल्यामुळे केंद्रातून परत आली होती. दिवा लागलेला नव्हता, कोडही नव्हता. कात्रजपर्यंत नेऊन आणल्यावरही स्कॅनरवर कूलंटचे तापमान साठ अंशांच्या आसपासच रेंगाळत होते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ते बहुतेक गाड्यांत ८५ ते ९५ असते. हाउसिंग उघडले, तर आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नव्हताच. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. परिणामी ईसीयू इंजिन थंडच आहे असे धरून पेट्रोल जास्त सोडत होता, आणि ॲव्हरेज का पडले याचे उत्तरही त्यातच होते. नाना पेठेतून थर्मोस्टॅट आणून बसवला, कूलंट भरून सिस्टिममधील हवा काढली, आणि गाडी मुळात तापत होती ती रेडिएटरच्या पंख्याचा रिले अधूनमधून काम करत नसल्याने, हे सापडल्यावर तोही बदलला. गाडी पुढच्या तपासणीत पास झाली.

धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे सांगणाऱ्या पी ०४२० या कोडबाबत आमचा आग्रह अधिकच आहे. हा कोड दिसला की थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही, कारण प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असलेला हा भाग फार महाग पडतो. आधी मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे, आहे का, एक्झॉस्टच्या जॉइंटमधून हवा शिरते का, पुढचा ऑक्सिजन सेन्सर नीट प्रतिसाद देतो का, हे पाहावे. मिसिंग तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन जळते आणि नवा भागही वितळू शकतो.

स्टेज सहाच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांसाठी आम्ही काजळीचे प्रमाण वाचणारा दुसरा स्कॅनर घेतला आहे. घर ते कचेरी एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाड्यांचे डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारे फिल्टर, सिग्नलमागून सिग्नल ओलांडताना भरत जाते. काजळी मर्यादेत असेल, तर गॅरेजमध्ये बळजबरीने रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणे, न करता आम्ही मालकांना गाडी सातारा रस्त्याने सलग अर्धा तास चालवून आणायला सांगतो, परतल्यावर तोच आकडा पुन्हा वाचतो आणि त्या दुसऱ्या वाचनाचे पैसे लावत नाही.