पाटाखालचा आकडा

तयेच्या दिवशी आमच्या गणपतीच्या चित्रशाळेत पहाटे चारलाच दिवे लागतात. तय म्हणजे हरितालिका, चवथीचा आदला दिवस. बहुतेक घरं तयेलाच गणपती नेतात, उरलेली चवथीच्या पहाटे. २०२५ साली तय २६ ऑगस्टला आली. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेवटच्या दोन मूर्तींची आखणी आटोपून मी हात धुतले, ओळीने मांडलेल्या छत्तीस गणपतींकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. आता एकेका घरचा माणूस येणार, मूर्ती डोळे भरून बघणार आणि मग मला विचारणार, "कितले जाले गो?"

हा प्रश्न आमच्या दारात पूर्वी कुणी विचारत नसे. आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. इथली रीत अशी की पाऊस सुरू झाला की लोक आपापल्या घरचा पाट चित्रशाळेत आणून देतात. पाटाच्या खालच्या बाजूला बाबा खडूने आडनाव लिहीत. त्याच पाटावर मूर्ती घडायची आणि त्याच पाटावरून घरी जायची. नेताना माणूस पाटापुढे विडा आणि नारळ ठेवणार, विड्याखाली पैसे. किती, हे बाबांनी उभ्या आयुष्यात तोंडाने सांगितलं नाही. "तुमच्या मनाला येईल ते ठेवा" एवढंच. नोटा मोजायच्यासुद्धा नाहीत, तशाच डब्यात टाकायच्या.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि दादाचा खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला. तोवर गणपतीचे पैसे वरखर्चाचे होते, त्यानंतर घर त्यांच्यावर चालू लागलं. दिवाळीतल्या नरकासुराचे मुखवटे आणि होळीच्या वेळच्या शिगम्याच्या चित्ररथांचं रंगकाम मी करायची, त्याचीही भर पडे. मग २०२३ च्या मार्चमध्ये बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं. त्या वर्षीपासून चित्रशाळा माझ्या अंगावर आली.

मूर्ती घडवणं मला लहानपणापासून येत होतं. शेतातली चिकण माती भिजत घालायची, पायाने तुडवायची, खडे वेचून काढायचे, पिंजलेला कापूस मिसळून पुन्हा मळायची. कापूस मातीला धरून ठेवतो, नाहीतर सुकताना ती फाटते. धड, पाय, सोंड, मुकुट, पितांबराच्या चुण्या, हे सगळं मी करत आले होते. आखणी मात्र बाबांचीच. आखणी म्हणजे डोळे. माणसं लांबून आमच्याकडे पाट घेऊन यायची ती बाबांच्या डोळ्यांसाठी.

आता ते डोळे मी काढते. सगळ्यात बारीक कुंचला, काळा रंग पाण्यासारखा पातळही नको आणि हात अडेल इतका घट्टही नको. श्वास धरून वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मध्ये हात उचलला तर जोड दिसतो. मग बुबुळ, आणि अगदी शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका. तो ठिपका टेकेपर्यंत समोर मातीच असते. टेकला की समोरचा बघायला लागतो, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. बाबा खुर्चीत बसून बघत असतात. काही चुकलं तर "हं" म्हणतात, बरोबर असेल तर काहीच म्हणत नाहीत.

माझ्या गणपतीची नजर बाबांच्या गणपतीपेक्षा थोडी खाली जाते. दोन वर्षं मी ती वर आणायचा प्रयत्न केला. ठिपका जरा वर टेकवला, पापणी उचलली, तरी नजर खालीच. एरवी कुणाला ते कळलंही नसतं, पण मला दुसरं काही दिसेनासं झालं होतं. पैशाचा विषय निघाला की आधी ती नजर आठवायची आणि वाटायचं, बाबांच्या डोळ्यांचे पैसे मी कुठल्या तोंडाने मागू?

यंदा मात्र हिशोब मांडला होता. दीड फुटाच्या एका मूर्तीला माती, कापूस, रंग, वीज, गाडीभाडं धरून तेराशे रुपये खर्च येतो. पावसात मूर्ती सुकायला पंखे आणि दिवे रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात, त्याचं बिलच केवढं येतं. वर माणसाचे चार दिवस. आदल्या वर्षी लोकांनी विड्याखाली सरासरी बावीसशे ठेवले होते. म्हणजे दिवसाला सव्वादोनशे रुपये हातात पडले. गवंड्याच्या हाताखालचा माणूससुद्धा एवढ्यात येत नाही. मी चार हजार असा दर ठरवला. पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावला, संध्याकाळी काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी ठरवलं की तोंडानेच सांगायचं.

साडेपाचला पहिली गाडी आली. मूर्ती बघून त्या काकांनी हात जोडले आणि विचारलं, "किती द्यायचे बाय?" मी म्हटलं, "तीन हजार." त्यांनी तीन हजार ठेवले, गणपती उचलला, गेले. दादा माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याला अडीच हजार सांगितले. तिसऱ्याने नुसतं पाकीट बाहेर काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या मनाला येईल ते." त्याने दोन हजार ठेवले. तिघांतल्या कुणीही घासाघीस केली नव्हती, त्यांनी मागण्याआधीच मी उतरले होते.

मग आजी आल्या. त्यांच्या घरचा पाट माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे येतो. नातू छत्री धरून बरोबर होता. आजींनी पदराची गाठ सोडत विचारलं, "कितले जाले गो?"

"बावीसशे द्या, आजी."

त्यांचा हात तिथेच थांबला. "गेल्या वर्षी मी अडीच हजार ठेवले होते. यंदा महागाई वाढली आणि तुझा गणपती स्वस्त झाला? काय बिनसलंय ह्यात? खोट आहे का काही?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजी मूर्तीसमोर जमिनीवरच बसल्या, चष्मा पुसला आणि मुकुटापासून उंदरापर्यंत एकेक गोष्ट तपासू लागल्या. मला राहवेना. डाव्या कानामागे जुलैत तडा गेला होता, दोनदा लिंपून घेतला, हे सांगून टाकलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "माती म्हटल्यावर तडा जायचाच. भरलायस नीट. आणखी काय?"

"डोळे," मी म्हटलं. "बाबांसारखे झाले नाहीत. नजर खाली जाते."

त्यांनी मान वर करून बराच वेळ मूर्तीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा गणपती उभ्या माणसाकडे बघायचा. माझे गुडघे गेले, मी आता आरतीलाही खालीच बसते. हा माझ्याकडे बघतोय." आणि लगेच पुढे, "तर आता नीट सांग, किती झाले?"

"चार हजार."

"चार?" नातू म्हणाला. आजींनी त्याला गप्प केलं. गाठीत तीन हजार दोनशे निघाले, उरलेले आठशे नातवाने दादाच्या मोबाईलवर पाठवले. विडा ठेवला, नारळ ठेवला. मूर्ती गाडीत चढवताना आजी पावसात उभ्या राहून "कान सांभाळ, कान सांभाळ" म्हणून ओरडत होत्या.

खरं सांगायचं तर त्यानंतरही माझी भीती पळाली नाही. पुढच्या माणसाला "चार हजार" सांगताना आवाज कापलाच. पण आकडा तोच सांगितला.

दहाच्या सुमाराला बार्देश तालुक्यातल्या एका घरची माणसं आली. त्यांच्याकडे मातीची मूर्ती नसते, कागदावर रंगवलेला गणपती असतो. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय होतं. त्या काळात मूर्ती लपवणं अवघड, म्हणून घडी घालून ठेवता येईल असा कागदाचा देव पुजायला सुरुवात झाली, असं त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अजून ते दर वर्षी नवा कागद रंगवून घेतात. कागद आणि रंग मिळून शंभरएक रुपयांचं काम. मूर्तीच्या वेळी मी माती आणि कापसाच्या आडोशाला उभी राहू शकत होते. इथे आडोसाच नव्हता. जे काही मागायचं ते माझ्या हाताचं आणि त्यावर घालवलेल्या दीड दिवसाचं. "दीड हजार," मी म्हटलं. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि पैसे ठेवले.

दुपारी शहरातून एक गृहस्थ आले. यंदाच पहिल्यांदा पाट दिला होता. दर ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाजारात एवढ्याच उंचीची अडीच हजारांना मिळते."

मी कोपऱ्यातला सुकलेल्या मातीचा तुकडा उचलून बादलीतल्या पाण्यात टाकला. तो बुडबुडे सोडत विरघळू लागला आणि कापसाचे तंतू वर तरंगले. प्लॅस्टरची मूर्ती अशी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच तिला मनाई करणाऱ्या सूचना काढल्या, तरी बाजारात कुठली कशाची हे वरच्या रंगावरून ओळखता येत नाही. ही साच्यातली नाही, हिच्यामागे चार दिवसांचं हातकाम आहे, हेही सांगितलं. मग पुन्हा म्हटलं, "चार हजार," आणि गप्प बसले.

त्या दिवसातलं सगळ्यात कठीण काम मला हे गप्प बसणं गेलं. "बरं, साडेतीन द्या" हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, बादलीतली माती तळाला बसत होती, तो माणूस मूर्तीकडे बघत होता आणि मी माझ्या नखांत अडकलेला पिवळा रंग खरवडत बसले होते. शेवटी त्यांनी साडेतीन हजार ठेवले आणि म्हणाले, "उरलेले पाचशे आणून देतो." ते पाचशे आले नाहीत. तरीही मी कमी सांगितले नव्हते, ही गोष्ट मला त्या पाचशेंपेक्षा मोठी वाटते.

त्यानंतर जाणूनबुजून कमी घेतले ते एकाच घरचे, संध्याकाळी. त्या घरातला कर्ता माणूस वैशाखात गेला. बाई मोठ्या मुलाला घेऊन आली होती. आदल्या वर्षीचे पैसे तिच्या नवऱ्याने हप्त्याने दिले होते. मी तिला म्हटलं, "वहिनी, मूर्तीचा दर चार हजार आहे. तुम्ही विड्याखाली एक हजार ठेवा." दर सांगितला आणि मगच सोडला. सकाळच्या तिघांना दर सांगायच्या आधीच सोडला होता. कमी ते कमीच, पण सकाळचे पैसे घेताना मान खाली होती आणि हे घेताना नव्हती. गरिबाला द्यायला माझी कधीच ना नाही, बाबांनीही दिलं आहे. मात्र माझ्या भीतीला मी इतकी वर्षं औदार्य समजत होते, ते त्या बाईसमोर उभी असताना मला कळलं.

रात्री साडेअकराला चित्रशाळेत नऊ गणपती उरले. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची कांगलांची रानफळं अजून टोपलीत तशीच पडली होती. मी जमिनीवर बसून वहीत नावं आणि पैसे लिहीत होते. बाबांनी डावा हात पुढे केला. मी वही दिली. ते एकेका नावावरून बोट खाली नेत होते. पहिल्या तीन नावांशी बोट थांबलं.

"कमी," ते म्हणाले.

"हो बाबा. भ्यायले."

त्यांनी मान हलवली आणि वही परत दिली. थोड्या वेळाने भिंतीजवळच्या गणपतीकडे बोट दाखवून म्हणाले, "उजवा डोळा." मी दिवा जवळ नेला. पांढरा ठिपका घाईत टेकवलेला होता, कडेला फुटला होता. कुंचला घेऊन तो नीट केला. बाबा काही बोलले नाहीत.

आजींच्या घरी दीड दिवसाचा गणपती. ३० ऑगस्टला त्यांचा नातू पाट घेऊन परत आला. "आजी म्हणते, पुढच्या पावसापर्यंत घरी ठेवून काय करायचं, तुमच्याकडेच राहू दे." पाट उलटा करून बघितला. विसर्जनाच्या पाण्याने बाबांचं जुनं खडूतलं अक्षर या वेळी पुरतं धुऊन गेलं होतं, लाकडावर नुसता पांढुरका डाग उरला होता. पाट उन्हात सुकवला. संध्याकाळी खडू घेऊन त्यावर आडनाव लिहिलं, पहिल्यांदाच माझ्या अक्षरात. त्याखाली लिहिलं, ४,०००. आणि पाट भिंतीला टेकवून ठेवला.