आमची वाटचाल : उभ्या गाड्यांखालची जमीन

'पार्किंगची देखभाल करतो' म्हटलं की समोरच्याला पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला माणूस दिसतो. आम्ही पावत्या फाडत नाही. गाड्या जिथे उभ्या राहतात ती जमीन सांभाळतो. म्हणजे गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक), डांबर, उतार, गटारावरच्या जाळ्या, पट्टे. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या आवारात लहानमोठी अकरा पार्किंगं आमच्याकडे आहेत. आम्ही चौदा माणसं, एक टेम्पो आणि दोन प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे जमीन ठोकून दाबायची यंत्रं.

2008 साली यातलं एकच यंत्र होतं, जुनं, आणि तेही निम्मं. निम्मं मेव्हण्याचं. तो प्लंबिंगची कामं घ्यायचा, चर बुजवल्यावर त्याला दबाई करायला लागायची. सोमवार ते बुधवार यंत्र त्याच्याकडे, पुढचे दिवस माझ्याकडे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो, नोकरी सोडली आणि विद्यापीठाच्या एका इमारतीमागचे खड्डे बुजवायचं काम मिळालं. खड्डा मोजायचा, मापवहीत लिहायचा, बुजवायचा, बिल लावायचं.

या पद्धतीतली गोम कळायला फार वेळ लागत नाही. खड्डे जितके जास्त तितकं बिल मोठं. जूनमध्ये बुजवलेला कोपरा ऑगस्टमध्ये पुन्हा उखडायचा आणि मी पुन्हा मोजायचो. याचं तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं. घर त्यावरच चालत होतं.

2012 मध्ये पहिलं मोठं काम आलं, ग्रंथालयाशेजारच्या दुचाकी पार्किंगला गट्टू बसवायचं. मे महिन्यात पूर्ण केलं. इतकं सुबक दिसत होतं की मी बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मधोमध एक लांब पन्हळ पडली. तीस फूट सरळ रेषेत गट्टू चार बोटं खाली. मुकादम मामांनी चार गट्टू उचलले, हातभर उकरलं आणि मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. काळी, चिकट, लोण्यासारखी. कधीकाळी केबलसाठी चर खणला होता आणि तो त्याच काळ्या मातीने नुसता ढकलून बुजवला होता. वरून आम्ही मुरूम टाकला, दबाई केली, पण ती वरच्या वर. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर काहीही ठेवा, ते तिच्या मर्जीने हलतं.

दुसरी चूक तर निखालस माझी. पैसे वाचवायला एका बाजूला मी कर्ब बसवलाच नव्हता. कडेला अडवण नसली की गट्टू बाहेर सरकतात, सांधे रुंदावतात आणि त्यातून खालची वाळू पाण्याबरोबर निघून जाते. सगळं पदरचे पैसे घालून पुन्हा केलं. गट्टू शाबूत निघाले, तेच पुन्हा बसवता आले, म्हणून तगलो. डांबर असतं तर त्या वर्षी बाजारच उठला असता.

तेव्हापासून कुठलंही काम घेण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? आणि इथे सगळ्यात जड काय येतं? दुसऱ्या प्रश्नाला हमखास 'काही नाही हो, स्कूटर आणि सायकली' असं उत्तर मिळतं. मग मी सकाळी सातला जाऊन थांबतो. घंटागाडी येते, मेसचा भाजीचा टेम्पो येतो, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, आणि तो नेमका तिथूनच वळतो. स्कूटरला साठ मिलिमीटरचा गट्टू पुष्कळ झाला. टँकरच्या वळणावर ऐंशीचाच लागतो, आणि खाली खडीचा थर नीट लागतो. निम्मे तुटलेले गट्टू मला अशा वळणांवरच सापडले आहेत.

डांबराचं दुखणं वेगळं. एप्रिलच्या उन्हात ते मऊ पडतं आणि साइड स्टँडचं टोक त्यात हळूहळू रुतत जातं. दुपारी दोनला बुलेट उभी करून पोरगा लेक्चरला जातो. साडेतीनला बुलेट कलते, शेजारच्या स्कूटीवर पडते, स्कूटी पुढच्या गाडीवर, आणि पाहता पाहता अख्खी रांग आडवी. एका दुपारी अशा एकोणीस गाड्या आम्ही उचलल्या. शिवाय टाकीतून ठिबकणारं पेट्रोल डांबर विरघळवतं, खडी सुटी होते. तेव्हापासून दुचाक्यांसाठी आम्ही डांबर सुचवतच नाही.

गट्टूंवर पट्टे मारायचा नाद मात्र मी बरीच वर्षं सोडला नव्हता. रंग सांध्यासांध्यांत फुटतो, पावसाळ्यानंतर अर्धा गायब. शेवटी एका बिगाऱ्यानेच सुचवलं, "साहेब, पिवळा गट्टूच बसवू की ओळीत." तेव्हापासून आमचे पट्टे पुसले जात नाहीत. ही अक्कल मला डिप्लोम्यात कोणी शिकवली नव्हती.

2015 मध्ये मी स्थावर विभागातल्या साहेबांकडे माझीच तीन वर्षांची बिलं घेऊन गेलो. एका कोपऱ्याभोवती लाल पेनाने खुणा केल्या होत्या.

"या एका कोपऱ्यासाठी तुम्ही मला सात वेळा पैसे दिलेत," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा वर केला. "मग? परत करायला आलात?"

"नाही. पण यापुढे खड्ड्याचे देऊ नका. वर्षाचे द्या. खड्डा पडला तर तो माझ्या अंगावर."

फाइल फिरायला चौदा महिने लागले. नव्या कामाला पैसे मंजूर होतात, आहे ते नीट ठेवायला कुठल्या लेखाशीर्षाखाली द्यायचे यावर बरीच खलबतं झाली. अखेर चौरस मीटरवर वार्षिक दर ठरला, चार हप्ते, खड्डा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त उघडा राहिला तर दंड. दंड पहिल्या वर्षी तीनदा भरला. पण आता आम्हाला खड्डा न पडण्यात फायदा होता आणि कामाची नजरच बदलली. मे महिन्यात चेंबर उघडून गाळ काढणं, जाळ्यांवरची पानं झाडणं, सांध्यांत कच भरणं, मीटरला दोन सेंटीमीटर उतार राहिलाय का ते पाण्याची नळी लावून तपासणं. कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत अशी कामं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पहाटे मी आवारात धावलो, तर आमच्या अकरांपैकी नऊ जागा कोरड्या होत्या. उरलेल्या दोन ठिकाणी गुडघाभर पाणी होतं, कारण पुढचं गटारच तुंबलेलं, आणि ते आमच्याकडे नव्हतं.

मधे एक वर्ष काम हातून गेलं. कोणीतरी अठ्ठावीस टक्के बिलो टाकलं, म्हणजे निविदेतल्या अंदाजापेक्षा तितक्या कमी दरात काम मागितलं. त्या दरात मजुरीही निघत नाही, पण निविदेचा नियम तो नियम. पुढच्या वर्षी काम परत आलं तेव्हा जाळ्या मातीने बुजून त्यांवर गवत उगवलं होतं. आणि पैसे? मार्च एंडला एकदम येतात, तोवर वाळूवाला, गट्टूवाला आणि मामांची माणसं यांना मी तोंड देतो. हा धंदा खडीवर चालतो त्याहून जास्त उधारीवर चालतो.

2020 च्या लॉकडाउनमध्ये आवार ओस पडलं. परवानगी काढून जूनमध्ये गेलो तर सांध्यासांध्यांतून वीतभर गवत, आणि हॉस्टेलच्या मुलांच्या गाड्या तशाच, चाकं बसलेली, सीटवर शिरिषाच्या शेंगा. उभी गाडी हलत नाही तिथे सांधे भरून गवत येतं, रहदारी असली की येत नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. आम्ही गवत हाताने उपटलं. तणनाशक सुचवलं होतं एकाने, पण उतार थेट विहिरीकडे होता.

दिव्यांगांसाठीची जागा आम्ही नियमाप्रमाणे 3.6 मीटर रुंद आखली, दाराजवळ. फार समाधानात होतो. जोडचाकांची स्कूटर चालवणारी एक विद्यार्थिनी येऊन म्हणाली, "काका, गाडी इथे लावली, पण रॅम्पपर्यंत जाऊ कशी?" मधे आम्हीच बसवलेला चार इंची कर्ब. दुसऱ्या दिवशी तो कापला आणि उतरता केला. आता आखणी झाली की मी सामानाची हातगाडी तिथून दारापर्यंत ढकलून बघतो.

सध्या वाद गुलमोहराचा आहे. त्याची मुळं वरवर पसरतात, गट्टू उचलले गेलेत. झाडाची मुळं छाटून सपाट करून द्या, असं लेखी आलंय. मी लेखीच कळवलं की मुळं छाटली तर पहिल्या वादळात झाड गाड्यांवर येईल, त्यापेक्षा खोडाभोवतीचे गट्टू काढून खडी पसरतो, दोन गाड्यांची जागा जाईल. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर उचललेल्या गट्टूंभोवती मामांनी वीटकरी रंगाने कडं काढून ठेवलंय, आणि ऐन मे महिन्यात सगळ्यांना गाडी त्याच सावलीत लावायची असते. सोमवारपासून चेंबर उघडायला घेतोय, मोठ्या मैदानाकडून.