तिसऱ्या गिअरवरची खंबाटकी

गाडी बघायला आम्ही ज्या ज्या शोरूममध्ये गेलो, तिथे सेल्सचा मुलगा आधी नवऱ्याशी बोलायचा. किल्ली त्याच्याच हातात ठेवायचा. "मला नको, चालवणार ही आहे," असं नवऱ्याने म्हटलं की मुलगा माझ्याकडे वळायचा आणि लगेच विचारायचा, "मग मॅडम, ऑटोमॅटिकच दाखवू ना?"

ऑफिसात, सोसायटीत, दोन्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच प्रश्न. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल? आणि सेडान? आता सेडान कोण घेतं? त्यांचं चूक नाही. आमच्या पार्किंगमध्ये माझी गाडी सोडली तर बाकी सगळ्या उंच, चौकोनी. एप्रिल २०२५ मध्ये मारुतीची सियाझ ही सेडानसुद्धा बंद झाली. पेट्रोल टर्बो इंजिन, मॅन्युअल गिअर आणि सेडान या तिन्ही अटी धरून बसलं की हातात उरणारी नावं एका हाताच्या बोटांवर मावतात. ह्युंदाईची व्हर्ना टर्बो आवडली होती, तिची ताकद तर १६० पीएस (अश्वशक्ती), म्हणजे मी शेवटी घेतलेल्या गाडीपेक्षा थोडी जास्तच. पण स्टेअरिंग हातात घेतल्यावर मन लागलं ते फोक्सवॅगनच्या व्हर्टसमध्ये. जीटी प्लस, १.५ लिटर टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. रंग लाल, कारण राखाडी गाडी घेऊन पार्किंगमध्ये शोधत बसायची मला हौस नाही.

आकडे एकदाच सांगून टाकते. १४९८ सीसी, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचायचा जोर. यातला १५० हा आकडा लोक ऐकतात, पण रोजच्या वापरात कामाला येतो तो २५०, कारण हा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून (आरपीएम) ३५०० पर्यंत सलग मिळत राहतो. म्हणजे इंजिनाला ओरडायला न लावता गाडी उठते. वारजे ते चांदणी चौक या रोजच्या रखडपट्टीत मी बराच वेळ दुसऱ्या गिअरवर असते. गाडी रेंगाळत चालते आणि पुढे फट दिसली की तिथूनच खेचते. पहिला फक्त पूर्ण थांबल्यावर. डावा पाय दुखतो का? दुखतो. शुक्रवारी संध्याकाळी पाऊस असेल तर चांगलाच दुखतो. ऑटोमॅटिकवाल्यांचा हा मुद्दा मी बिनशर्त मान्य करते आणि पुढे जाते.

गाडी दसऱ्याला आणली. मुहूर्त दसऱ्याचा असला तरी हिशोब २२ सप्टेंबर २०२५ चा होता. त्या दिवसापासून जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब आणि दीड लिटरच्या आतलं पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस असा ४५ टक्के कर होता, तो सरळ ४० टक्के झाला. मी पेशाने सीए आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये बुकिंगची घाई करणाऱ्या नवऱ्याला मी जवळजवळ दोरीने बांधून ठेवलं होतं. राज्याचा रोड टॅक्स मात्र चुकत नाही. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के. लिंबू, नारळ, झेंडूचा हार, आपट्याची पानं हे सगळं त्यावर.

मग निघालो साताऱ्याला, अण्णांना दाखवायला.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत चालक होते, सातारा डेपो. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर बसून महाबळेश्वरमार्गे महाडला गेलेली आहे. त्या बोनेटवर रेक्झिनची गादी असायची, तिच्यातून इंजिनाची ऊब वर यायची आणि आंबेनळी घाट उतरताना समोरच्या काचेत कधी दरी, कधी कडा, कधी नुसतं आभाळ. अण्णांचा डावा हात मला अजून आठवतो. कोपरापर्यंत लांब असा गिअरचा दांडा, आणि तो बदलताना डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोसा, परत क्लच दाबून खालचा गिअर. त्या जुन्या गिअरबॉक्समध्ये आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवायचं काम ड्रायव्हरलाच करावं लागायचं. नाही जुळला तर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा खर्रर्र आवाज, आणि मागच्या बाकावरून एखादा आजोबा हमखास काहीतरी बोलायचाच.

आताच्या गाड्यांत हे काम गिअरबॉक्समधली सिंक्रोमेश नावाची यंत्रणा करते. डबल क्लचची गरज नाही. पण अण्णांचा दुसरा नियम अजून लागू आहे आणि माझ्या मॅन्युअलच्या हट्टामागे तोच आहे. ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच गिअरवर उतरायचं.

आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढावीच लागायची. येताना बोगदा होता, जाताना घाट. शिरवळ मागे पडलं, सातारा जिल्ह्यातलं खंडाळा आलं की चढ सुरू होतो. डाव्या लेनमध्ये लोखंडाचे आणि सिमेंटचे ट्रक पहिल्या-दुसऱ्यावर कण्हत चाललेले असतात. मधल्या लेनमध्ये त्यांना ओव्हरटेक करणारे, त्यांच्याइतकेच हळू जाणारे दुसरे ट्रक. इथे मी चौथा पाडून तिसरा घेतला, आणि मग वरपर्यंत गिअरला हात लावावा लागला नाही. वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडी आवरतं, वळणाच्या मध्यापासून हलका पाय दिला की गाडी बाहेर ओढून घेते. पूर्ण घाटात ब्रेकचा दिवा फार कमी वेळा लागला असेल. आरपीएमचा काटा अडीच ते साडेतीन हजारांत खेळत होता. वेग म्हणाल तर साठच्या आत-बाहेर. मागे बसलेल्या मुलीची झोपसुद्धा मोडली नाही.

गाडीला "स्पोर्टी" म्हणतात ते कशासाठी, हे मला तिथे समजलं. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे मी अजून मोजलेलं नाही आणि मोजायला जागाही नाही. नवी गाडी असल्यामुळे पहिले १५०० किलोमीटर इंजिनाला पूर्ण पिळायचं नसतं, तेही आहेच. पण पुढचं वळण मला दिसतंय, गाडीच्या कॉम्प्युटरला दिसत नाही. वळण यायच्या आधी कुठला गिअर हवा हे मी ठरवते, आणि गाडी त्याला लगेच हो म्हणते. ऑटोमॅटिक हुशार असतं, पण ते बहुतेकदा चढ लागल्यावर जागं होतं.

साताऱ्यात अण्णा फाटकातच उभे. आधी एक फेरी मारून त्यांनी चारी टायर बघितले. मग नंबर प्लेट.

"एमएच बारा?"

"अण्णा, पुण्यात राहतो आम्ही."

"व्हय, पर अकरा असता तर शोभला असता."

आई ओवाळून झाल्यावर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. क्लच दाबला, सोडला, परत दाबला. "लय हलका हाय की. ह्यो पायानं दाबायचा का बोटानं?" मग गाडी अंगणातून मागे काढायची म्हणून गिअरचा दांडा इकडे घातला, तिकडे घातला, रिव्हर्स काही सापडेना. उजवीकडे खाली तर सहावा आहे. शेवटी माझ्याकडे बघायची वेळ आली. या गाडीत दांडा आधी खाली दाबायचा, मग डावीकडे नेऊन पहिल्याच्या शेजारी वर. आयुष्यभर हजारो वेळा डेपोत गाडी मागे लावलेल्या माणसाला मी रिव्हर्स शिकवला, याचा आनंद मी लपवला नाही.

तिथून यवतेश्वरच्या घाटाने वर. चालवायला अण्णाच. कासच्या फुलांच्या गर्दीचा हंगाम संपत आलेला, तरी रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या होत्याच. अण्णा दुसऱ्या-तिसऱ्यावर इतक्या सफाईने वर गेले की मला गिअर बदललेला कळायचा तो फक्त त्यांच्या खांद्यावरून. वर पोचल्यावर म्हणाले, "चढाला गाडी बसत न्हाई." त्यांच्या तोंडून गाडीचं याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. आणि खाली बसण्याबद्दल, "हितनं रस्ता नीट दिसत न्हाई, पर गाडी कळती." सेडानचा सगळा वाद त्यांनी एका वाक्यात मिटवला. खाली बसतो म्हणून मागून येणाऱ्या एसयूव्हीचे दिवे आरशातून थेट डोळ्यांत घुसतात, हे खरंच आहे. पण वळणात अंग बाहेर फेकलं जात नाही. १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आहे, गावातले हौशी स्पीडब्रेकरही अजून तरी खालून घासले नाहीत.

डिकी ५२१ लिटरची. आईने तिचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. येताना तांदळाचं एक पोतं, कोरेगावचा घेवडा, दोन नारळ, कंदी पेढे, आणि "जागा उरलीच आहे तर" म्हणून पितळेचा एक बंब. बंबाचं मी पुण्यात काय करणार हे कोणी विचारलं नाही.

परतीच्या रस्त्यावर मात्र अण्णांचा नियम गमतीचा राहत नाही. नवा कात्रज बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही या जागेबद्दल सांगायला नको. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, उतारभर नुसते ब्रेक दाबत येतात, ब्रेक तापून निकामी होतात आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांवर ट्रक जाऊन आदळतो. हे तिथे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

न्यूट्रलमुळे इंधन वाचतं हा समज कार्बोरेटरच्या जमान्यातून आला असावा. आताच्या, इंजेक्टरने इंधन सोडणाऱ्या गाडीत उलट होतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि इंजेक्टर इंधन सोडणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिनाला बंद न पडण्यासाठी थोडं थोडं पेट्रोल जाळत राहावं लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं सुरक्षितही आणि स्वस्तही. मी त्या उतारावर चौथा ठेवला, पुढे वाहनं साचलेली दिसली तसा तिसरा. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ब्रेकला अधूनमधून फक्त स्पर्श. या गाडीला मागच्या चाकांना डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत. या किमतीत मागेही डिस्क असायला हव्या होत्या असं माझं मत आहे. पण इंजिनाला त्याचं काम करू दिलं तर घाटात मागचं-पुढचं काही फारसं जाणवत नाही.

सपाट रस्त्यावर एक मजेशीर प्रकार आहे. सहाव्या गिअरवर एका लयीत चाललं आणि पाय हलका असला की इंजिन चारपैकी मधले दोन सिलिंडर, दुसरा आणि तिसरा, बंद करून उरलेल्या दोनांवर चालतं. समोरच्या पडद्यावर तशी नोंद दिसते म्हणून कळतं, नाहीतर अंगाला जाणवतही नाही. जरा पाय दाबला की चारही परत हजर. नवऱ्याला हा खेळ फार आवडतो. गाडी चालवताना जास्तीत जास्त वेळ दोन सिलिंडरवर ठेवायची पैज तो स्वतःशीच लावतो आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग लागते.

आणखी एक, ही गाडी चाकणला बनते, माझ्या घरापासून फार तर दीड तासावर, अर्थात चाकणच्या ट्रॅफिकने दया दाखवली तर. २००९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना. तिथल्याच व्हर्टस मेक्सिकोलाही गेलेल्या आहेत. अण्णांना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न होता की तिकडे घाट आहेत का. मी मोबाईलवर मेक्सिकोचे डोंगर काढून दाखवले. ते बराच वेळ वळणं मोजत बसले.

आता मायलेज. हा प्रश्न टाळून पुण्यात गाडीबद्दल लिहिणं शक्य नाही. शहरात लिटरला अकरा-बारा किलोमीटर, साताऱ्याच्या रस्त्यावर एसी लावून सतराच्या आसपास, तेही पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर. कोणाला कमी वाटेल. वाटू दे. खंबाटकीत चौथा टाकून लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढवायची माझी तयारी नाही. पुढच्या महिन्यात पहिली सर्व्हिस आहे, त्याआधी अण्णांना आंबेनळी उतरायची आहे आणि स्टेअरिंगवर कोण बसणार यावरून आमचं फोनवर भांडण चालू आहे.