रेन्ड्सबुर्ग: कालवा बघण्याआधी तो ओलांडायचा कसा ते ठरवा

उत्तर जर्मनीतलं 'कालव्याचं गाव' म्हटलं की डोळ्यांसमोर अरुंद पाणी, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं आणि फुलांनी सजलेले छोटे पूल येतात. ते चित्र फ्रीडरिशश्टाटचं आहे. ते गाव डच लोकांनी १६२१ मध्ये वसवलं. रेन्ड्सबुर्ग हे वेगळंच प्रकरण आहे. इथे कालवा म्हणजे उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र जोडणारा कील कालवा, दीडशे मीटरहून रुंद जलमार्ग, त्यातून दोनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं जातात आणि गावाचा जुना भाग या पाण्यापासून बराच दूर आहे. पर्यटन पत्रकांवर सगळी ठिकाणं हातभर अंतरावर असल्यासारखी छापतात. प्रत्यक्षात दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. तेवढं चालता येत असेल आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट असेल तरच या. छत्री घरी ठेवा, कालव्याकाठी ती उलटी होते.

हॅम्बुर्गहून यायला आरई-७ ही गाडी. इथे पहिली फसगत होते. ही गाडी नॉयम्युन्स्टरला दोन भागांत तुटते, एक भाग कीलला जातो आणि दुसरा रेन्ड्सबुर्गमार्गे फ्लेन्सबुर्गला. हॅम्बुर्गच्या फलाटावर जो डबा समोर आला त्यात चढलात तर निम्मी शक्यता कीलला पोहोचण्याची. डब्याच्या दारावरचा फलक वाचा, आत बसल्यावर पडद्यावर पुन्हा खात्री करा. चुकलात तर कीलहून रेन्ड्सबुर्गला लोकल गाड्या आहेत, पण तास-दीड तास जातो. श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याचं एका दिवसाचं प्रादेशिक तिकीट हॅम्बुर्गपासून चालतं, मात्र कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. दोघं-तिघं असाल तर तेच स्वस्त पडतं. डॉइचलँड-तिकीट (देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट) असेल तर वेगळं काही काढावं लागत नाही, सायकल सोडून. सायकलचं तिकीट वेगळंच घ्यावं लागतं आणि तपासनीस ते मागतात.

गाडी कालव्याजवळ आली की बसून राहू नका, दाराशी जाऊन उभे राहा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. पाण्यापासून ४२ मीटर मोकळी उंची सोडून बांधलेल्या लोखंडी पुलावरून गाडी जाते आणि पलीकडे उतरताना गावाभोवती एक अख्खं वळण घेऊन स्वतःच्याच मार्गाखालून स्टेशनात येते. हे वळण हौसेखातर केलेलं नाही. स्टेशन कालव्याच्या अगदी जवळ. एवढ्या उंचीवरून आगगाडीला सरळ खाली आणायचं तर चढ झेपणार नाही, आणि स्टेशन गावाबाहेर हलवायचं नव्हतं. म्हणून फ्रीडरिश फॉस या अभियंत्याने रूळ गोल फिरवले. पूल १९११ ते १९१३ मध्ये बांधला. त्याआधी इथे फिरता पूल होता, जहाज आलं की गाड्या थांबायच्या आणि गाडी असली की जहाज. १९०७ नंतर युद्धनौकांसाठी कालवा रुंद आणि खोल करायला घेतला, तेव्हा ते चालण्यासारखं राहिलं नाही.

आता मुख्य विषय. रेन्ड्सबुर्गमध्ये सगळा घोळ कालवा ओलांडण्यात होतो. मोबाइलवरचा नकाशा सर्रास एकच मार्ग दाखवतो: बी-७७ महामार्गाचा बोगदा. हा १९६१ चा बोगदा फक्त मोटारींसाठी आहे. पायी किंवा सायकलवर त्यात शिरता येत नाही. 'चालत' हा पर्याय निवडलेला असला तरी नकाशावरची रेघ नेमकी कुठून जाते ते मोठं करून बघा. आणि वरच्या रेल्वेपुलावर पादचाऱ्यांसाठी वाट नाही. फोटोत पूल बघून 'वर चढून नजारा बघू' असं ठरवलं असेल तर ते सोडून द्या.

पायी जाणाऱ्याला खरे पर्याय तीन.

पहिला, टांगती फेरी. पाट्यांवर 'श्वेबेफेअर' लिहिलेलं असतं. रेल्वेपुलाच्याच पोटाला रुळांवर चालणारी गाडी आहे आणि तिला पोलादी दोरांनी एक तराफा टांगलेला आहे. तो पाण्याच्या थोडा वरून या काठावरून त्या काठावर, ऑस्टररोनफेल्डला जातो. त्यावर चार मोटारी आणि माणसं मावतात, दोन मिनिटांत पलीकडे, साधारण दर पंधरा मिनिटांनी, आणि फुकट. अशी यंत्रणा जगात वीसेक ठिकाणी उभारली गेली, आज आठच उरल्या आहेत. ८ जानेवारी २०१६ च्या पहाटे एक मालवाहू जहाज या तराफ्यावर आदळलं, दोन माणसं जखमी झाली, आणि जुना तराफा दुरुस्तीपलीकडे गेला. जुन्या नमुन्यावरचा नवा तराफा २०२२ मध्ये सुरू झाला. मधली सहा वर्षं फेरीच नव्हती आणि त्या काळात लिहिलेली माहिती नेटवर अजून तशीच पडून आहे. 'फेरी कायमची बंद' असं वाचलंत तर तारीख बघा.

उलटही होतं. जोराचा वारा, देखभाल, तांत्रिक बिघाड, यातलं काही झालं तर फेरी थांबते, आणि ते काठावर पोहोचल्यावरच कळतं. निघण्याच्या दिवशी सकाळी गावाच्या किंवा कालवा प्रशासनाच्या पानावर सूचना बघा. जहाज जवळ असेल तर फेरी थांबून राहते. कालव्यात वाट जहाजाची, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणून परतीची गाडी पकडायच्या आधीची शेवटची वीस मिनिटं या फेरीच्या भरवशावर ठेवू नका.

दुसरा पर्याय पादचारी बोगदा, १९६५ चा. पुलापासून पश्चिमेकडे, पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. दोन्ही टोकांना सुमारे ५६ मीटर लांबीचे सरकते जिने. एके काळी युरोपातले सर्वात लांब म्हणून ते गाजले होते. खाली उतरायला लागलं की वरचं दार लहान होत जातं आणि पायऱ्या संपता संपत नाहीत. पलीकडे गेल्यावर तेवढंच चढायचं. माहितीपत्रकं इथे एक गोष्ट गाळतात: यंत्रं जुन्या पद्धतीची आहेत, दुरुस्त्या चालू असतात आणि एखादा जिना किंवा लिफ्ट बंद असणं नवलाचं नाही. सायकल, बाबागाडी, चाकांची बॅग यांना लिफ्टशिवाय गत्यंतर नाही. लिफ्ट बंद असेल तर सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायचा विचार करू नका, सरळ माघारी वळा आणि टांगत्या फेरीकडे जा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बोगदा वगळा, हे स्पष्ट सांगते. तो वेगळा अनुभव आहे खरा, पण गुडघ्यांचा बळी देण्याइतका नाही.

तिसरा पर्याय पूर्वेकडची नोबिसक्रूगची फेरीबोट, शाख्ट-आउडॉर्फला जाणारी. साधी, भक्कम आणि फुकट. फुकट असण्यामागे इतिहास आहे. कालवा खणताना सरकारने लोकांचे रस्ते तोडले, म्हणून पलीकडे नेण्याची जबाबदारी सरकारवर आली, आणि संपूर्ण कालव्यावरच्या अशा फेऱ्या आजही विनाशुल्क आहेत. कोणी 'फेरीसह कालवा दर्शन' असं पॅकेज विकत असेल तर त्यातल्या फेरीचे, बोगद्याचे, काठावरच्या बाकांचे पैसे तुम्ही उगाच देत आहात.

उत्तम क्रम असा: स्टेशनवरून पुलाकडे, टांगत्या फेरीने पलीकडे, दक्षिण बाजूने पश्चिमेकडे चालत बोगद्यापर्यंत, बोगद्यातून परत आणि मग जुनं गाव. दक्षिण बाजूला अख्खी वाट पाण्याला चिकटून मिळेल असं धरू नका, मध्ये बंदराची आणि कामाची जागा येते. पाट्या बघत चाला.

जहाजं बघायला नशीब लागतं असं म्हणतात. ते चूक आहे, थोडं गणित लागतं. कालवा ९८.६ किलोमीटर लांब, मोजणी पश्चिम टोकाच्या ब्रुन्सब्युटेलपासून, आणि हा पूल ६२व्या-६३व्या किलोमीटरला. म्हणजे कीलकडून ३६ किलोमीटर, ब्रुन्सब्युटेलकडून ६२-६३. वेगमर्यादा ताशी १५ किलोमीटर, मोठ्या जहाजांना १२. कीलच्या दारांतून, म्हणजे कालव्याच्या टोकाशी पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या जलद्वारांतून, सुटलेलं जहाज अडीच-तीन तासांत पुलाखाली येतं, ब्रुन्सब्युटेलचं साडेचार-पाच तासांत. मध्ये कुठेही पाण्याची दारं नाहीत, पण दोन मोठी जहाजं समोरासमोर आली तर एकाला रुंद जागी थांबवतात, त्यात अर्धा तास जाऊ शकतो. जहाजांची थेट जागा दाखवणारं कुठलंही फुकट अॅप उघडा, लांबी दीडशे मीटरच्या वर असलेलं जहाज शोधा आणि त्या हिशेबाने काठावर या.

जहाज येताना पाण्याकडे बघा. ते अजून शंभर-दोनशे मीटर दूर असताना काठचं पाणी मागे ओढलं जातं, एरवी बुडालेले दगड उघडे पडतात, शेवाळ चकाकतं. जहाज पुढे गेलं की तेच पाणी एकदम परत चढतं. मुलांना त्या दगडांवर उतरू देऊ नका, ही सूचना हसण्यावारी नेऊ नका.

पुलाजवळच्या उपाहारगृहापाशी जहाजांना सलामी देतात. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेलं त्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं, मग नाव, लांबी, वजन सांगतात. जहाजावर आपल्याकडचे खलाशी आणि अधिकारी असण्याची शक्यता चांगलीच असते, पण झेंडा लायबेरियाचा किंवा पनामाचा असतो, त्यामुळे 'जन गण मन' ऐकायला मिळण्याची आशा धरू नका. हात मात्र हलवा, डेकवरून उत्तर येतं. तिथली कॉफी जागेच्या मानाने ठीक, जेवण महाग. काठावर पाचशे मीटरहून लांब एक सलग बाक आहे, डबा त्यावर बसून खावा. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, म्हणून खायचं शनिवारीच घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर बेकरी हाच आधार, काठावर मुख्यतः मासे आणि पाव.

आता गाव. फुटपाथवर निळी रेघ रंगवलेली आहे, तिच्यावरून चालत गेलं की महत्त्वाच्या जागा येतात. मार्गदर्शक घ्यायची गरज नाही. जुना भाग आयडर नदीतल्या बेटावर वसलेला होता. १२८६ च्या आगीनंतर बांधलेलं विटांचं मरिएनकिर्श हे चर्च आणि १५६६ चा जुना टाउन हॉल तिथे आहेत. दोन्ही बघायला अर्धा तास पुरतो.

खरी किंमत नॉयवेर्क या भागाची, आणि तिथे लोक जातच नाहीत. हा शतकानुशतकं सरहद्दीचा मुलूख. आयडर ही पवित्र रोमन साम्राज्याची उत्तरेकडची सीमा, आणि किल्ल्याच्या वेशीवर तसं लॅटिनमध्ये कोरलेला दगड होता. तो दगड आता कोपनहेगनला आहे. डेन्मार्कच्या राजाने १६९० च्या दशकात किल्ला वाढवला आणि लष्करी वस्ती आखली: मध्ये मोठं परेड मैदान, तिथून पंख्यासारखे फाकणारे रस्ते, रस्त्यांना युवराज, राजकन्या अशी नावं. १७०० मध्ये पूर्ण झालेल्या छावणीच्या चर्चमध्ये राजासाठी खास बैठक आहे. मैदानाच्या मध्यावर उभं राहून प्रत्येक रस्त्यात डोकवा, तोफांच्या माऱ्याचा विचार करून आखलेलं गाव म्हणजे काय ते कळतं. १८४८ च्या मार्चमध्ये डॅनिश सत्तेविरुद्ध उठलेले बंडखोर सैनिक कीलहून चक्क आगगाडीने आले आणि हा किल्ला त्यांनी जवळपास लढाईविना घेतला. रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे डॅनिश सरकारने तटबंदी पाडली, म्हणून बुरुज शोधत फिरू नका.

याच भागात प्रिन्सेसिन रस्त्यावर १८४५ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, आहे. १९३८ मध्ये नाझींनी देशभर सिनेगॉगं जाळली, पण शेजारची घरं चिकटून असल्यामुळे हे जाळलं गेलं नाही. नंतर तिथे मासे धुरवण्याचा कारखाना चालला. १९८८ पासून ते ज्यू संग्रहालय आहे. वेळा मर्यादित आहेत, आधी बघून घ्या, पण वगळू नका. गावातली सर्वात गंभीर आणि नीट मांडलेली जागा हीच.

आजच्या कालव्याआधीही एक कालवा होता: १७७७ ते १७८४ मध्ये खणलेला आयडर कालवा, सहा दारांचा, जहाजं घोड्यांनी ओढायची. आजचा १८८७ ते १८९५ मधला. जुन्याचा उत्तम तुकडा क्लुवेनझीकला, गावापासून पूर्वेला, सायकलने जाण्याजोगा. तिथल्या ओतीव लोखंडाच्या उचलपुलाचे भाग शेजारच्या ब्युडेल्सडॉर्फच्या कार्ल्सह्युटे कारखान्यात ओतले. कारखाना १८२७ चा, १९९७ मध्ये बंद पडला, आता त्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर नॉर्डआर्ट हे मोठं कलाप्रदर्शन भरतं. तिकीट स्वस्त नाही, पण अर्धा दिवस सहज जातो. सोमवारी बंद. ते आणि कालवा एकाच दिवसात कोंबू नका, दोन्हीचं वाटोळं होतं.

सायकलवाल्यांसाठी: पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, कालवा उघडा आहे, आडोसा नाही, आणि उलट दिशेने ताशी दहा किलोमीटरसुद्धा जड जातात. काठचा रस्ता कुठे काँक्रीटच्या लाद्या, कुठे खडी, बारीक टायर आणू नका. ग्रोसकोनिग्सफोर्डेपासून कीलकडच्या टप्प्यात कालवा रुंद करण्याचं काम चालू आहे, काठ बंद असतो आणि वळसे लांबचे. तिथे 'पुढे बघू' म्हणून अडथळ्याच्या बाजूने घुसू नका, तीन-चार किलोमीटरवर खरोखरच रस्ता संपतो आणि तेवढंच मागे यावं लागतं.

कील ते रेन्ड्सबुर्ग दिवसभराच्या बोटीचं जेवणासह तिकीट घ्यावं का? नको. बोटीतून तासन्‌तास दोन्हीकडे हिरवे उतार दिसतात, बघण्यासारखी ती फक्त दारांतून जाण्याची वेळ. तेवढ्यासाठी कील-होल्टेनाउला जाऊन बाहेरूनच दारं बघा आणि उरलेल्या पैशांत रेन्ड्सबुर्गला रात्रीची खोली घ्या. रात्री दिवे लावून पुलाखालून जाणारं जहाज दिवसभराच्या परतीच्या गाडीत बसलेल्यांना दिसत नाही. मुक्काम करायचा तर तो यासाठी, आणि खोली जुन्या गावात नको, पुलापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घ्या.